वस्तीचा विश्वास, संस्थेचा पगार

वस्तीपातळीवरची स्वयंसेवी संस्था म्हणजे ठरावीक दहा-वीस गावांत, नाहीतर शहरातल्या एक-दोन वॉर्डांत, एखादा प्रश्न धरून वर्षानुवर्षे काम करणारी नोंदणीकृत संस्था. प्रश्न पाण्याचा असेल, कुपोषणाचा, शाळा सुटलेल्या मुलांचा, दारूचा किंवा कचरावेचकांच्या मजुरीचा. महाराष्ट्रात अशी संस्था बहुधा दोन कायद्यांखाली एकदम नोंदलेली असते : 1860 चा संस्था नोंदणी अधिनियम आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम. त्यामुळे लेटरहेडवर दोन नोंदणी क्रमांक छापलेले दिसतात. त्यांतला 'एफ' अक्षराचा क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातला. कार्यकारी मंडळावरची माणसे बहुधा बिनपगारी असतात, महिन्या-दोन महिन्यांनी जमतात, ठराव करतात आणि घरी जातात. रोजचे काम ओढतात ती मानधनावर किंवा पगारावर असलेली माणसे. ती कुठून येतात, दिवसभर नेमके काय करतात, कशावर टिकतात आणि का सोडून जातात, हा इथला विषय आहे.

किराणा दुकानात ज्याला साखर हवी तोच पैसे मोजतो, आणि साखर खराब निघाली तर पुढच्या खेपेस दुसरे दुकान गाठतो. संस्थेत घेणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा. ज्या बाईच्या बाळाचे वजन केले जाते ती काही देत नाही. देणारा मुंबईत, दिल्लीत किंवा थेट जर्मनीत असतो आणि त्याने ते बाळ कधी पाहिलेले नसते. कार्यकर्त्याचा पगार एकीकडून येतो, आणि दारात उभे राहण्याची मुभा दुसरीकडून. बाईने दार उघडले नाही तर काम होत नाही, देणगीदाराने हप्ता सोडला नाही तर पगार होत नाही. दोघांना द्यायची उत्तरे वेगळी, ती देण्याची भाषा वेगळी, आणि तरी दोन्ही उत्तरे खरी असावी लागतात. या नोकरीतले बहुतेक ताण आणि तिच्यातले बरेचसे समाधानही या एका रचनेतून येते.

महाराष्ट्रात पगारी समाजकार्याची सुरुवात मात्र दुसऱ्याच रचनेने झाली. पुण्यात 1884 मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आजीव सदस्यांची पद्धत घातली. शिकलेल्या तरुणाने वीस वर्षे संस्थेला द्यायची आणि बेताच्या वेतनात संसार करायचा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी महिना 75 रुपयांवर ही वीस वर्षे पत्करली, हे सर्वश्रुत आहे. त्यामानाने त्याच संस्थेतला वाद कमी आठवला जातो. आजीव सदस्यांनी बाहेरची कामे आणि बाहेरचे उत्पन्न घ्यावे की नाही, यावरून तिथे मोठी तेढ पडली, आणि 1890 मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले त्यामागे ही तेढ ठळकपणे होती. संस्थेच्या माणसाने किती घ्यावे आणि कुठून घ्यावे, हे भांडण परदेशी निधीने किंवा कंपन्यांनी आणले असा समज आहे. ते सव्वाशे वर्षांहून जुने आहे.

गोखल्यांनीच 1905 मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला. सदस्याने शपथा घ्यायच्या, पहिली काही वर्षे उमेदवारीत काढायची, संस्था देईल त्यात कुटुंब भागवायचे आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही, असा तो दंडक होता. धोंडो केशव कर्व्यांनी 1908 मध्ये काढलेल्या निष्काम कर्ममठाची धारणाही याच जातीची. या घडणीत एक गोष्ट गृहीत होती : सेवक पुरुष असणार आणि त्याचे घर दुसरे कुणीतरी सांभाळणार. सेवकाचा त्याग संस्थेच्या इतिहासात नोंदला गेला, घरातल्या बाईची काटकसर कुठल्या ताळेबंदात आली नाही. अपवाद आहेत. भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगमधल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकिकत रयत शिक्षण संस्थेच्या परिवारात आजही आदराने सांगितली जाते. पण बहुतेक लक्ष्मीबाईंची नावेही कुणाला ठाऊक नाहीत.

स्वातंत्र्यानंतर काही काळ समाजकार्य हे सरकारचेच काम मानले गेले. चित्र पालटले ते 1970 नंतर. 1972 च्या दुष्काळात शहरांतले तरुण मोठ्या संख्येने खेड्यांत गेले. त्यांतले काही तिथेच राहिले. पाठोपाठ जयप्रकाशांचे आंदोलन, आणीबाणी, दलित आणि स्त्री-चळवळींची धग. या सगळ्यातून पूर्णवेळ कार्यकर्ता घडला. तो शपथ घेत नव्हता, मठात राहत नव्हता. शिबिरातून येत होता, मोर्चात जात होता, आणि त्याचा खर्च मित्रांच्या वर्गणीवर, पत्नीच्या शाळेतल्या नोकरीवर किंवा मिळेल त्या शिष्यवृत्तीवर चालत होता. अशा कार्यकर्त्यांना दरमहा थोडी रक्कम मिळावी म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्यासाठी डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांच्यासारख्या नटांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून पैसे जमवले. नाटकाच्या तिकिटांतून जमलेल्या ठेवीवरच्या व्याजाने चळवळीतल्या माणसाच्या घरचा किराणा भरावा, ही कल्पना मराठी मुलखातच सुचण्यासारखी होती. रक्कम लहान होती. पण कार्यकर्त्याच्या पोटाची जबाबदारी समाजाने उघडपणे मान्य केली, याला मोल होते.

याच काळात, काहीशा अनपेक्षित वाटेने, वस्तीतलीच माणसे कामावर येऊ लागली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवायचे ठरले. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्त्यांतल्या. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोगाचे चट्टे ओळखणे हे त्या शिकल्या, आणि ज्या घरांत त्यांना एरवी उंबऱ्याबाहेर उभे केले जाई तिथे त्यांना आत बोलावणे येऊ लागले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची तपासणी आणि जंतुदोषावर इंजेक्शन देणे शिकवले. घरच्या घरी बाळाची काळजी घेऊन बालमृत्यू किती कमी होतात हे दाखवणारा त्यांचा अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. पुण्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक म्हणून कामाला लागले. काम ज्यांच्यासाठी चालले आहे त्यांच्यातलीच माणसे ते करू लागली की संस्थेचे रूप बदलते. बाहेरून आलेल्या पदवीधराला वर्षभर लागते ती ओळख या माणसांना पहिल्या दिवशीच असते. तिच्याबरोबर भाऊबंदकी, उसनवारी, जुनी भांडणे आणि सासरच्या मंडळींचे डोळेही असतात.

त्यानंतरचा टप्पा प्रकल्पांचा. ग्रामीण विकासासाठी संस्थांना पैसे देणारी 'कपार्ट' ही सरकारी यंत्रणा 1986 मध्ये आली. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात देशभरातून संस्था उतरल्या. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या बायकांनी संवाद सहायक म्हणून काम केले आणि इंजिनिअर व गावकरी यांच्यामधला दुवा झाल्या. मराठवाड्यातल्या अनेक घरांत संस्थेचा पगार पहिल्यांदा आला तो अशा कामांतून. काम आता तीन वर्षांच्या कागदात बसू लागले : उद्दिष्टे, निर्देशक, तिमाही हप्ता, मूल्यमापन. कार्यकर्ता हा फिल्ड कोऑर्डिनेटर झाला. जुन्या मंडळींनी यावर पुष्कळ नाके मुरडली आणि त्यात तथ्यही होते. पण महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम मिळू लागल्यामुळेच घरची परिस्थिती बेताची असलेले तरुण आणि विशेषतः एकट्या बायका या क्षेत्रात येऊ शकल्या. वडिलोपार्जित शेती किंवा नोकरदार पत्नी पाठीशी असलेल्यांनाच परवडणारी समाजसेवा ही फार उदात्त गोष्ट होती असे मानायचे कारण नाही.

पैशाचे दोन मोठे झरे आणि दोन्हींवरचे दरवाजे समजून घेतल्याशिवाय आजची नोकरी समजत नाही. परदेशी देणग्यांवर 1976 पासून कायदा आहे; 2010 मध्ये तो नव्याने झाला आणि सप्टेंबर 2020 मधल्या दुरुस्तीने बराच आवळला गेला. अशा देणगीतून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरले पाहिजेत असे झाले. आणि एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली. शेवटच्या कलमाचा फटका सर्वांत खालच्यांना बसला. तालुक्याच्या गावातली लहान संस्था स्वतः इंग्रजीत प्रस्ताव लिहून परदेशी पैसा आणत नव्हती. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेमार्फत तिला तो मिळत होता. तो मार्ग एका दुरुस्तीने बंद झाला.

दुसरा झरा कंपन्यांचा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू झाले. कायदा कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, त्यामुळे चाकण, तळोजा, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यांतल्या शाळांना संगणक आणि स्वच्छतागृहे मिळतात, आणि कारखाना नसलेल्या डोंगरी तालुक्याला वाट पाहावी लागते. कंपनीला आर्थिक वर्षात खर्च दाखवायचा असतो. मोजता येईल, फोटोत दिसेल आणि मार्चच्या आत संपेल असे काम तिला आवडते. दारू सोडलेल्या माणसाच्या घरी दोन वर्षे जात राहणे हे तिन्ही कसोट्यांवर नापास होते.

या सगळ्याच्या तळाशी फिल्डवरचा माणूस असतो. तो बहुधा दोन वाटांनी येतो. एक वाट समाजकार्याच्या पदवीची : मुंबईत 1936 मध्ये सुरू झालेली आणि पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली गेलेली शाळा, निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, आणि आता जिल्ह्याजिल्ह्यांतली एमएसडब्ल्यूची महाविद्यालये. दुसरी वाट वस्तीतलीच : बारावी झालेली सून, बचत गटाची सचिव, बालवाडीत शिकवणारी ताई. पदवीधराला अहवाल लिहिता येतो. बैठकीला बायका याव्यात कशा, हे सुनेला कळते. पगारपत्रकावर मात्र बहुतेक संस्थांत अहवाल वर आणि बैठक खाली असते, आणि याबद्दल उघडपणे क्वचितच बोलले जाते.

पहिले काम जवळजवळ नेहमी सर्वेक्षणाचे असते. घरोघरी जाऊन रेशनकार्डाचा रंग, शौचालय, मुले किती, शाळेत किती, आजारी कोण. नवख्याला इथेच पहिला धक्का बसतो. लोक उत्तरे देतात आणि मग विचारतात, 'याचं पुढं काय होणार?' आधीच्या दोन संस्थांनीही हेच विचारलेले असते. त्याहून अडचणीचा प्रश्न सहसा एखादी म्हातारी विचारते : तुला यात किती मिळतात? संस्थेला लाखो येतात आणि वस्तीला सतरंजी मिळते, असा संशय महाराष्ट्रात सर्वत्र आहे आणि तो अगदी निराधार नाही. जाणते कार्यकर्ते आकडा सांगून टाकतात. पगार लपवणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्यावर वस्ती लवकर विश्वास ठेवते, शिवाय आकडा ऐकल्यावर म्हातारीला बहुधा कीवच येते.

बैठक हे या कामाचे मूळ एकक. तिची वेळ ऑफिस ठरवत नाही. नळाला पाणी कधी येते, शेतावरून बायका कधी परततात, भाकरी कधी होतात, यावर ती ठरते. बहुतेकदा रात्री साडेआठ-नऊ. समाजमंदिराची किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस गावाला गेलेला असतो, म्हणून कुणाच्या तरी ओसरीवर चटई पडते. कार्यकर्ती आधी गेल्या वेळचा हिशेब वाचते. कर्ज घेतलेली बाई आज आलेली नाही, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि न बोलण्यातूनच काय झाले ते कळते. नवरा दारात येऊन उभा राहिला की विषय बदलतो. या सगळ्यात कार्यकर्तीने बोलायचे कमी असते. कोण बोलले नाही, कोण कुणाच्या शेजारी बसायचे टाळते आहे, हे पाहायचे असते. शेवटी रजिस्टर फिरते. सही येत नाही तिच्यासाठी शाईचा पॅड. सही करायला नुकतीच शिकलेली बाई इतका वेळ लावते की बाकीच्या उठून उभ्या राहतात, तरी ती अंगठ्याला तयार होत नाही. अहवालात त्या रात्रीची एकच ओळ जाते : बैठका एक, उपस्थिती तेवीस.

दिवसाचा दुसरा भाग कागदाचा, आणि तो वर्षागणिक वाढत चालला आहे. प्रवासाचे व्हाउचर, चहाचे बिल, सतरंजीचे भाडे. वडापवाला पावती देत नाही, म्हणून कच्च्या कागदावर त्याची सही घ्यायची. रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर रेव्हेन्यू स्टॅम्पवर. फोटोत बॅनर दिसला पाहिजे, बॅनरवर कंपनीचे चिन्ह दिसले पाहिजे, आणि हल्ली मोबाइलच्या ॲपने फोटोवर अक्षांश-रेखांशही उमटले पाहिजेत. तिमाही अहवालाला एक यशोगाथा जोडायची असते. यशोगाथेचे गणित ठरलेले : आधी ती किती पीडित होती, मग संस्था आली, मग ती शिलाई मशीनवर बसली. प्रत्यक्षात बाईचे आयुष्य असे सरळ चढत नसते. मशीन गहाण पडते, मूल आजारी पडते, संस्थेपेक्षा भावाने दिलेला आधार मोठा असतो. चांगला कार्यकर्ता इथे अडखळतो. खरे लिहिले तर हप्ता अडकेल अशी भीती, आणि गोड लिहिले तर तीच बाई उद्या बैठकीत समोर बसणार. बाईचे नाव आणि फोटो तिला विचारल्याशिवाय छापायचे नाहीत, हा नियम बऱ्याच संस्थांत आता लेखी आहे. तो पाळण्याची कसोटी मुदतीच्या आदल्या रात्री लागते.

आकडे फुगवण्याचा मोह याच ठिकाणी जन्मतो. ओसरीवर बायका कमी आणि रजिस्टरवर सह्या जास्त, हा प्रकार लबाडीने सुरू होतो असे नाही. उद्दिष्ट तीसचे असते, लग्नसराईत पंधराच येतात, पुढच्या महिन्यात भरून काढू म्हणून आज जुळवून घेतले जाते. एकदा जुळवले की पुढच्या महिन्याचे उद्दिष्ट त्या जुळवलेल्या आकड्यावरून ठरते. यावर उपाय वरून येणाऱ्या तपासणीत फारसा नाही. ज्या संस्थांनी आलेला खरा आकडा आणि तो कमी का आला याचे कारण लिहायला अहवालात जागा ठेवली, तिथे हा रोग कमी दिसतो.

पगाराबद्दल बोलणे संस्थांत अजून अवघड जाते. आजीव सेवकाची सावली त्यावर पडलेली आहे : जास्त मागणारा म्हणजे कमी निष्ठेचा. करार बहुधा अकरा महिन्यांचे किंवा प्रकल्पाच्या मुदतीइतके असतात. जुना प्रकल्प मार्चमध्ये संपतो, नवा जून-जुलैत मंजूर होतो. मधल्या महिन्यांत काम थांबत नाही, पगार थांबतो. कायदा मात्र संस्थेला नोकरी देणारी म्हणूनच पाहतो. वीस माणसे कामावर असतील तर भविष्य निर्वाह निधी, दहा असतील तर ठरावीक सलग सेवेनंतर ग्रॅच्युइटी, आणि दहा किंवा अधिक जण काम करत असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये बंगलोर वॉटर सप्लायच्या खटल्यात 'उद्योग' या संज्ञेचा अर्थ इतका व्यापक केला की धर्मादाय संस्थाही मोठ्या प्रमाणात तिच्यात आल्या. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय आणि सामाजिक सेवेच्या संस्थांना त्या व्याख्येतून वगळले. असंघटित कामगारांच्या हक्कांसाठी मोर्चे काढणाऱ्या संस्थेत स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा निधी भरलेला नसणे, ही विसंगती या क्षेत्रात इतकी परिचयाची आहे की तिच्यावर विनोदही जुने झाले.

दोष सगळा संस्थाचालकांचा नसतो. देणगीदाराला शाळेची वही आवडते, हिशेबनिसाचा पगार आवडत नाही. कार्यालयाचे भाडे, गाडीची दुरुस्ती, रजेवरच्या बाईच्या जागी दुसरी नेमणे हे सगळे प्रशासकीय खर्चात मोडते आणि तिथे कात्री आधी लागते. पण फिल्डवरची ताई हीच जर कार्यक्रम असेल, तर तिचा पगार खर्चाच्या कुठल्या रकान्यात घालायचा? हा वाद दर वर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी होतो आणि सहसा ताईच हरते.

संस्थेच्या आतला संसारही समजून घ्यावा लागतो. बहुतेक संस्था एखाद्या जोडप्याने किंवा चार-पाच मित्रांनी काढलेल्या असतात. त्यांना सगळे दादा, ताई, काका, भाभी म्हणतात, आणि या नात्यांत उब असते तशी अडचणही. दादांनी रात्री अकराला फोन केला तर तो साहेबाचा फोन नसतो, म्हणून नाही म्हणता येत नाही. बढती मागणे म्हणजे घरात वाटणी मागण्यासारखे वाटते. दुपारचा डबा सगळे एकत्र खातात, आपापली ताटे आपणच घासतात, अध्यक्षही घासतात. निर्णय मात्र अध्यक्षांच्या मनात आधीच झालेला असतो. संस्थापक थकले की पुढे कोण, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या पुष्कळ संस्थांपुढे आज उभा आहे. काही ठिकाणी मुले-सुना पुढे आल्या, काही ठिकाणी बाहेरचा व्यवस्थापक आणला गेला. वीस वर्षे काम केलेल्या फिल्डवरच्या माणसाकडे सूत्रे गेल्याची उदाहरणे विरळा. जातीचा प्रश्न यातच मिसळलेला आहे : कार्यकारिणीवरची आडनावे आणि फिल्डवरची आडनावे शेजारी शेजारी ठेवली तर ते कळते, आणि समतेच्या शिबिरात ते क्वचितच वाचले जाते.

बायकांसाठी या नोकरीला आणखी एक पदर आहे. संस्थेत जाणारी बाई रात्री उशिरा घरी येते, परक्या पुरुषांशी बोलते, पोलीस ठाण्यात जाते, म्हणून नातेवाईक कुजबुजतात. तीच बाई दोन वर्षांनी तलाठ्याकडून उतारा काढून आणते, दवाखान्यात कुणाशी बोलायचे हे तिला ठाऊक असते, आणि कुजबुजणारे तिच्याच दारात येतात. घरातले तिचे वजन पगारापेक्षा या ओळखींनी वाढते. कित्येकींनी आपल्या स्वतःच्या संसारातला मार याच नोकरीच्या बळावर थांबवला आहे. कित्येकींना तो थांबवता आलेला नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच दुसरीच्या घरी समजूत घालायला जावे लागते. दुसऱ्यांची दुःखे रोज ऐकणाऱ्या या माणसांना आधार कुणी द्यायचा, याची सोय मोजक्याच संस्थांत आहे.

पैसे देणारा आणि काम घेणारा यांच्यातली फट बुजवण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रात झाले. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. सदस्य वर्गणी देतात, ओळखपत्र घेतात, आणि कर्मचाऱ्याला जाब विचारतात. तिच्यातूनच 2008 मध्ये निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेत घरोघरचा कचरा उचलणाऱ्यांना नागरिकांकडून दरमहा शुल्क मिळते. इथे कष्टकरी संस्थेच्या मालक आहेत, आणि कार्यालयात बसणाऱ्याला त्यांच्यासमोर हिशेब ठेवावा लागतो. ही घडी सगळीकडे बसत नाही. मतिमंद मुलांच्या शाळेत किंवा नवजात बाळांच्या कार्यक्रमात वर्गणी कुणाकडून घेणार? देणाऱ्यांचे वर्तुळ मोठे करणे हा दुसरा मार्ग. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी 1978 मध्ये स्थापन केलेले महाराष्ट्र फाउंडेशन, गावोगावचे पन्नास-शंभर रुपये देणारे हितचिंतक, वाढदिवसाला देणगी पाठवणारे निवृत्त शिक्षक : अशा पैशाला निर्देशक लागत नाहीत, म्हणून संस्था तो जपून, अडल्या वेळी वापरतात. मार्च ते जुलैमधले पगार पुष्कळदा त्यातूनच निघतात.

प्रकल्प संपला की पांगापांग होते. पदवीधर दुसऱ्या संस्थेत, एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व विभागात किंवा स्पर्धा परीक्षांकडे वळतात. स्थानिक बायकांपुढचे पर्याय वेगळे आहेत. 2005 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा म्हणून, महिला आर्थिक विकास महामंडळात ('माविम') सहयोगिनी म्हणून किंवा 2011 पासूनच्या 'उमेद' अभियानात गावपातळीवरच्या प्रेरिका म्हणून अशा बायका कामाला लागतात. सरकारी योजनेला ही माणसे आयतीच तयार मिळतात. त्यांना घडवण्याचा खर्च कुठल्या संस्थेने केला, याची नोंद तिथल्या फायलीत नसते. काही जणी ग्रामपंचायतीवर निवडून येतात आणि संस्थेच्या कार्यकर्त्यांना पाण्याच्या अर्जासाठी त्यांच्याकडे जावे लागते. जे कुठेच लागत नाहीत ते पुन्हा शेतावर किंवा दुकानात जातात, आणि दाखला काढायचा असला, कुणाला दवाखान्यात न्यायचे असले की वस्तीतले लोक पूर्वीसारखेच त्यांना उठवायला येतात. त्या फेऱ्यांचे व्हाउचर आता कुठेच लागत नाही.